संगणकावरची भूमिती: भावी शिक्षकांना शिकवू लागलेल्या अध्यापकाचार्यांसाठी

सुरुवात संगणक बंद ठेवून

एक चौरस कोपऱ्यावर उभा करून फळ्यावर काढावा आणि अध्यापक विद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला त्या आकृतीचे नाव विचारावे. काही छात्राध्यापक ‘समभुज चौकोन’ म्हणतात, काही ‘पतंग’ म्हणतात आणि एखादा मोकळेपणाने ‘शंकरपाळी’ म्हणतो. ‘चौरस’ हे उत्तर बहुधा उशिरा आणि शंकेच्या स्वरात येते. पहिली दोन उत्तरे तशी चुकीची नाहीत, कारण प्रत्येक चौरस हा समभुज चौकोनही असतो आणि पतंगही असतो. पण उत्तर देणाऱ्याच्या मनात हा विचार नसतो. त्याच्या लेखी आकृती वळली की तिचे नाव बदलते. याच तासाला आणखी दोन प्रश्न विचारून ठेवावेत. विशालकोन त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब कागदावर काढायला सांगावेत, आणि चौरस हा आयत असतो का, याचे उत्तर कारणासह लिहून घ्यावे.

ही उत्तरे तपासून बाजूला ठेवायची नाहीत, तर वर्षभर हाताशी ठेवायची आहेत. डच शिक्षक दांपत्य पियेर व्हान हीले आणि दीना व्हान हीले-गेल्डॉफ यांनी 1957 मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांतून भौमितिक विचाराच्या पाच पातळ्या मांडल्या: आकृती नुसती दिसण्यावरून ओळखणे, तिचे गुणधर्म सांगता येणे, गुणधर्मांमधील परस्परसंबंध समजणे, पक्ष-साध्यापासून रीतसर सिद्धता देणे, आणि निरनिराळ्या गृहीतक-व्यवस्थांची तुलना करणे. शिक्षक एका पातळीवरून बोलत असेल आणि विद्यार्थी दुसऱ्या पातळीवर असेल, तर शब्द तेच असूनही दोघांना एकमेकांचे बोलणे समजत नाही, हे त्या मांडणीतील मर्म अध्यापकाचार्याला फार उपयोगी पडते. ज्याने दहावीच्या परीक्षेसाठी पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता पाठ केली आहे, तो छात्राध्यापक वरच्या तिरक्या चौरसापुढे पहिल्याच पातळीवर उभा असू शकतो. म्हणून भूमितीचे सॉफ्टवेअर सर्वप्रथम छात्राध्यापकाची स्वतःची भूमिती दुरुस्त करण्यासाठी वापरावे; शाळेतील मुलांना ते कसे दाखवायचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. हा क्रम उलटा झाला, तर आकर्षक पण पोकळ सराव पाठ तयार होतात.

साधनांची जुळवाजुळव

गतिमान भूमितीची, म्हणजे काढलेली आकृती ओढून बदलता येणारी, सॉफ्टवेअर नवी नाहीत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे 1980 च्या दशकात ‘काब्री’ तयार झाले, अमेरिकेत 1991 मध्ये ‘जिओमीटर्स स्केचपॅड’ आले, आणि ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 च्या सुमारास ‘जिओजेब्रा’चे काम सुरू केले. आपल्याकडच्या नवख्या अध्यापकाचार्याने जिओजेब्रापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शैक्षणिक वापरासाठी ते विनामूल्य आहे, एकदा संगणकावर बसवले की इंटरनेटशिवाय चालते, आणि मोबाइलवरही उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे लहान लहान चित्रफीत-धडे आहेत. ज्या छात्राध्यापकाला संगणकाचीच सवय नाही, त्याने आधी तेथील एक-दोन धडे पाहून यावे.

प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाला नाही म्हणून अडून बसू नये. दोघांत एक संगणक ही खरे तर अधिक चांगली व्यवस्था आहे, कारण एकाच्या हाती माउस आणि दुसऱ्याच्या हाती वही असली की दोघांना आपापसांत बोलावेच लागते आणि ‘आता कुठला बिंदू घेतलास?’ या साध्या प्रश्नातून भूमितीची भाषा तयार होते. दर दहा मिनिटांनी माउस आणि वही यांची अदलाबदल करावी. फक्त एक लॅपटॉप व एक प्रोजेक्टर असेल, तर मोबाइलवरील आवृत्ती जोडीने वापरावी. मात्र फाइली आणि सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच उतरवून ठेवावेत. तासाच्या वेळी नेट चालेल, या भरवशावर पाठ आखू नये. वीज गेली तर त्याच विषयाचा घडीकामाचा कागद किंवा दोरी-खडूचा उपक्रम तयार असावा. कागदाला घडी घालून काढलेला कोनदुभाजक हाही कोनदुभाजकच असतो.

तासापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पडद्यावरील अक्ष आणि जाळी बंद करावी, कारण जाळी असली की छात्राध्यापक चौकटी मोजून चौरस काढतात आणि रचनेचा विचार बाजूला राहतो. तसेच अक्षरांचा आकार मोठा करावा, म्हणजे शेवटच्या बाकावरूनही बिंदूंची नावे वाचता येतील. सॉफ्टवेअर बिंदूंना इंग्रजी अक्षरे देते आणि बालभारतीच्या पुस्तकांतही तीच आहेत. या लेखात मात्र मी अ, ब, क अशी नावे वापरली आहेत.

पहिली पायरी: ओढून पाहणे

संगणकावरच्या पहिल्या तासाला एकच काम द्यावे: चौरस काढा. बहुतेक जण चार बिंदू अंदाजाने ठेवतात, रेषाखंडांनी जोडतात, आणि पडद्यावर दिसायला चोख चौरस उभा राहतो. आता बाण असलेले साधन निवडून एक शिरोबिंदू धरून ओढायला सांगावे. चौरसाचा वेडावाकडा चौकोन होतो. वर्गात थोडी खळबळ उडते, आणि ती उडू द्यावी, कारण संपूर्ण विषयाचे बीज त्या क्षणात आहे. डोळ्यांना चौरस दिसणे म्हणजे रेखाटन. ओढूनही चौरस राहणे म्हणजे रचना.

मग तोच चौरस अशा रीतीने काढायला सांगावे, की कोणताही बिंदू ओढला तरी तो लहान-मोठा होईल, फिरेल, पण चौरसच राहील. तयार बहुभुजाकृतीचे साधन या वेळी वर्ज्य ठरवावे; केवळ रेषा, लंबरेषा, वर्तुळ आणि छेदनबिंदू एवढीच साधने वापरायची मुभा द्यावी. रेख अब घ्यायचा, अ आणि ब मधून त्याला लंब काढायचे, अ केंद्र आणि अब त्रिज्या घेऊन वर्तुळ काढायचे, ते अ मधील लंबाला जिथे छेदते तो बिंदू ड, आणि ड मधून अब ला समांतर रेषा काढून क मिळवायचा. ही रचना स्वतः शोधायला बऱ्याच जोड्यांना अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यावा आणि उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. ज्या क्षणी एखादी जोडी ‘बाजू समान हव्यात, म्हणून वर्तुळ’ असे म्हणते, त्या क्षणी ती जोडी आकृतीकडून गुणधर्माकडे, म्हणजे पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीकडे सरकलेली असते.

येथे एक चूक हमखास होते, आणि ती अध्यापकाचार्याने ओळखायला शिकलेच पाहिजे. वर्तुळ आणि रेषा एकमेकांना छेदतात तेथे छात्राध्यापक छेदनबिंदूचे साधन न वापरता डोळ्यांनी नेम धरून एक सुटा बिंदू ठेवतो. आकृती योग्य दिसते, पण ओढली की फुटते. मूळ मुक्त बिंदू निळे आणि रचनेतून मिळालेले अवलंबी बिंदू काळसर दिसतात, हा रंगातील फरक सुरुवातीलाच दाखवून द्यावा. शंका आली की त्या जागी आकृती खूप मोठी करून पाहावी. सुटा बिंदू छेदापासून किती दूर आहे ते लगेच उघड होते. कंपास आणि पट्टीने काढलेल्या रचनेत हीच चूक पेन्सिलच्या टोकाच्या जाडीत लपून जाते. संगणकावर ती लपत नाही, आणि संगणकाकडे वळण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे.

दुसरी पायरी: नाहीसा होणारा बिंदू

पहिल्या तासाला कागदावर काढून घेतलेले शिरोलंब आता बाहेर काढावेत. अनेकांनी विशालकोन त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब त्रिकोणाच्या आतच कोंबलेले दिसतील, कारण शाळेत त्यांनी पाहिलेला जवळजवळ प्रत्येक त्रिकोण लघुकोन होता, पायावर नीट बसलेला होता आणि त्याचा शिरोलंब उभा खाली उतरणारा होता.

पडद्यावर त्रिकोण अबक काढायला सांगावा. अ मधून रेख बक ला लंबरेषा काढून ती रेख बक ला जिथे छेदते तो बिंदू प घ्यावा आणि रेख अप काढावा. आता अ हा बिंदू बाजूला ओढत न्यावा. कोन ब किंवा कोन क विशाल झाला की बिंदू प आणि त्याच्यासोबत रेख अप पडद्यावरून नाहीसा होतो. काही जणांना वाटते की सॉफ्टवेअर बिघडले. वास्तविक ते अत्यंत काटेकोरपणे वागत असते: लंब रेख बक ला छेदतच नाही, तर छेदनबिंदू येणार कुठून? बक वरून रेख नव्हे तर रेषा काढून तिच्याशी छेद घेतला, की प त्रिकोणाबाहेर जातो पण नाहीसा होत नाही. पाठ्यपुस्तकातील ‘बाजूला समाविष्ट करणाऱ्या रेषेवर टाकलेला लंब’ हा शब्दप्रयोग कशासाठी आहे, हे त्या नाहीशा झालेल्या बिंदूमुळे जितके पक्के समजते तितके व्याख्या दहादा लिहूनही समजत नाही.

याच फाइलमध्ये उरलेले दोन शिरोलंब काढून लंबसंपात मिळवावा आणि अ फिरवत तो कधी आत असतो, कधी बाहेर जातो आणि कधी नेमका शिरोबिंदूवर येऊन बसतो, याची नोंद वहीत करून घ्यावी. मध्यगासंपात मात्र कधीही बाहेर का जात नाही, हा प्रश्न घरी विचार करण्यासाठी द्यावा.

तिसरी पायरी: आधी भाकीत, मग माउस

ओढून पाहण्याची गंमत कळल्यावर छात्राध्यापक आकृत्या नुसत्याच ओढत बसतात आणि पडद्यावर काय काय बदलते ते बघत राहतात. यावर उपाय म्हणून मी एक नियम कधीही मोडत नाही: बिंदू ओढण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचे, मग ओढायचे, आणि भाकीत चुकले असेल तर का चुकले ते लिहायचे. भाकीत पुसून दुरुस्त करायला परवानगी नसते.

या नियमाची ताकद दाखवणारा उपक्रम म्हणजे एकरूपतेच्या कसोट्या. बाकोबा, कोबाको, बाकोको, बाबाबा आणि कर्णभुजा ही नावे (‘बा’ म्हणजे बाजू, ‘को’ म्हणजे कोन) सर्वांना पाठ असतात. पण ‘बाबाको’ ही कसोटी का नाही, असे विचारले की वर्ग गप्प होतो. रेख अब 7 सेंमी घ्यावा, अ शी 40° चा कोन करणारा किरण काढावा, आणि बक या लांबीसाठी 3 ते 9 पर्यंत 0.1 च्या टप्प्याने सरकणारा स्लायडर, म्हणजे माप बदलणारी सरकपट्टी, ठेवावा. ब केंद्र व स्लायडरएवढी त्रिज्या घेऊन वर्तुळ काढावे. ते किरणाला जिथे छेदेल ते क चे स्थान. स्लायडर सरकवण्यापूर्वी प्रत्येकाने किती त्रिकोण मिळतील ते लिहावे. जवळजवळ सगळे ‘एक’ लिहितात.

बक 4 असताना वर्तुळ किरणापर्यंत पोहोचतच नाही. 5 असताना दोन छेदनबिंदू मिळतात, आणि अक ची लांबी एका त्रिकोणात सुमारे 3.2 सेंमी तर दुसऱ्यात सुमारे 7.5 सेंमी येते. दोन बाजू व एक कोन तेच असूनही हे दोन त्रिकोण एकरूप नाहीत. 7 किंवा त्याहून अधिक लांबी घेतली की पुन्हा एकच त्रिकोण उरतो. स्लायडर 4.5 वर असताना मात्र थांबावे. वर्तुळ किरणाला नेमके स्पर्श करते असे वाटते आणि वर्गातून ‘स्पर्शिका!’ असा आवाज येतो. आता आकृती मोठी करत जावी. जवळजवळ चिकटलेले दोन छेदनबिंदू वेगळे होतात, कारण ब पासून किरणापर्यंतचे लंबांतर 7 गुणिले साइन 40°, म्हणजे 4.4995 च्या आसपास असते, 4.5 नव्हे. दिसणे आणि असणे यांतील अंतर शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. कर्णभुजा कसोटी ‘बाबाको’च्या नमुन्याची असूनही का चालते, हेही याच फाइलमध्ये कोन 90° करून तपासता येते.

चौथी पायरी: अंतर्लिखित कोन

नववी-दहावीच्या गणित भाग 2 मध्ये संगणकावर उलगडण्यासारखे बरेच काही आहे, पण एकच प्रमेय सविस्तर करायचे असेल तर दहावीच्या ‘वर्तुळ’ या प्रकरणातील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय घ्यावे. अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते, हे विधान अनेकांना तोंडपाठ असते. त्याच्या सिद्धतेत तीन आकृत्या का असतात, हे विचारले तर मात्र ‘पुस्तकात आहेत म्हणून’ असे उत्तर मिळते.

केंद्र म असलेले वर्तुळ काढून त्यावर अ, ब, क हे बिंदू घ्यावेत. बिंदू ‘वस्तूवरील बिंदू’ या साधनाने वर्तुळालाच चिकटलेले असावेत, नाहीतर ओढताना ते वर्तुळ सोडून जातील. कोन अकब आणि कोन अमब यांची मापे पडद्यावर आणावीत. येथे नवख्यांना नेहमी त्रास होतो, कारण सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते. बिंदूंवर टिचकी मारण्याचा क्रम उलटा झाला तर 50° ऐवजी 310° दिसतात. क्रम बदलून किंवा त्या कोनाच्या गुणधर्मांत माप 0° ते 180° असे ठरवून हे सुधारता येते, पण ती दुरुस्ती गुपचूप करू नये. 310° हा कुठला कोन आहे, हे आधी वर्गाकडून काढून घ्यावे, कारण पुढे अ आणि ब मधला विशाल कंस घ्यायची वेळ येईल तेव्हा केंद्राशी 180° हून मोठे माप लागणारच आहे.

आता क ला वर्तुळावर हळूहळू फिरवावे. केंद्राशी असलेला कोन स्थिर राहतो, क जवळचा कोनही स्थिर राहतो, आणि दुसरा पहिल्याच्या निम्मा असतो. पुष्कळ पाठ येथेच संपतात. खरे काम मात्र येथून पुढे सुरू होते. छात्राध्यापकांना सांगावे की आता मापे लपवा आणि क फिरवताना फक्त केंद्र म कुठे आहे ते पाहा. कधी म हा कोनाच्या एका भुजेवर येतो, कधी कोनाच्या अंतर्भागात असतो, कधी बाह्यभागात जातो. पुस्तकातील तीन आकृत्या म्हणजे एकाच हालचालीतील तीन थांबे आहेत. पहिल्या थांब्यावर त्रिकोण मबक किंवा मअक समद्विभुज आहे हे दिसते, बाह्यकोनाचे प्रमेय वापरता येते आणि सिद्धता मिळते. दुसऱ्या थांब्यावर क मधून व्यास काढला की पहिल्याचीच बेरीज होते, आणि तिसऱ्यावर वजाबाकी. ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर, हाताने, पूर्ण वाक्यांत लिहून घ्यावी.

क ला ओढत अ च्या पलीकडे, दुसऱ्या कंसावर नेले की कोनाचे माप एकदम बदलते. जुने माप आणि नवे माप यांची बेरीज करायला सांगावी. 180° येते, आणि चक्रीय चौकोनाचे प्रमेय कोणी न शिकवताच समोर उभे राहते.

180.01° चे काय करायचे?

त्रिकोणाच्या तीन कोनांची मापे पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवली आणि त्यांची बेरीज वहीत केली, तर कधी ना कधी 180.01° येते. समजा खरे कोन 61.236°, 52.377° आणि 66.387° आहेत, त्यांची बेरीज नेमकी 180° होते. पडद्यावर मात्र 61.24°, 52.38° आणि 66.39° दिसतात, आणि त्यांची बेरीज 180.01° भरते.

नवखा अध्यापकाचार्य या क्षणी ‘ते सोडून द्या’ म्हणतो. सोडून देऊ नये. हा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा, इतका तो मोलाचा आहे. वर्गाला विचारावे की संगणकाचे खरे मानायचे की प्रमेयाचे. काही जण म्हणतील, दशांश स्थळे वाढवा. वाढवून पाहावीत, तफावत लहान होते, पण तिची शक्यता संपत नाही. मग कोणीतरी शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोन दाखवते, आणि एकही माप न घेता बेरीज 180° असल्याचे सिद्ध होते. मापनाने खात्री वाढते, पण कारण मिळत नाही, आणि शंभर त्रिकोण ओढून पाहिले तरी ते शंभरच त्रिकोण असतात. जो शिक्षक हा फरक स्वतः अनुभवून शाळेत जातो, तो मुलांना ‘संगणकावर पाहिले ना, म्हणजे सिद्ध झाले’ असे कधीही सांगणार नाही.

सिद्धतेची गरज वाटावी म्हणून मी आणखी एक रचना देतो. कोणताही चौकोन काढायचा, चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडायचे, आणि चौकोन हवा तसा ओढायचा. आतला चौकोन नेहमी समांतरभुज राहतो. बाहेरचा चौकोन आत वळला तरी राहतो. हे फ्रेंच गणिती पियेर व्हारीन्यों यांचे प्रमेय असून ते त्यांच्या मृत्यूनंतर 1731 मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या वेड्यावाकड्या चौकोनातून इतकी शिस्तबद्ध आकृती का निघावी, हे आश्चर्य छात्राध्यापकांना अस्वस्थ करते, आणि बाहेरच्या चौकोनाचा एक कर्ण काढला की नववीतील मध्यबिंदूंच्या प्रमेयाने उलगडा होतो. बाहेरच्या चौकोनाचे कर्ण कसे असले म्हणजे आतला चौकोन आयत होईल आणि कसे असले म्हणजे समभुज होईल, हा पुढचा शोध त्यांच्यावर सोपवावा.

प्राथमिक वर्गांवर जाणाऱ्यांसाठी कासव

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेचे अनेक विद्यार्थी प्राथमिक वर्गांना शिकवणार असतात आणि त्यांना वर्तुळाच्या प्रमेयांपेक्षा कोन आणि वळण यांची समज अधिक लागते. त्यांच्यासाठी सिमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये तयार केलेल्या ‘लोगो’ या संगणकभाषेचे कासव अजूनही उत्तम आहे. हेच काम मुलांसाठीच्या ‘स्क्रॅच’ या संगणकभाषेत पेनची सोय वापरूनही करता येते. कासवाला पुढे जाण्याची आणि वळण्याची आज्ञा देऊन चौरस काढणे सगळ्यांना जमते. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की बहुतेक जण वळण 60° देतात आणि कासव षटकोनाच्या वाटेने निघून जाते. कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा कोन वळते, म्हणून 120° हवेत. संगणकावर करण्यापूर्वी मैदानात फक्कीने त्रिकोण आखून एकाला त्यावरून चालायला लावावे आणि प्रत्येक कोपऱ्यावर त्याचे शरीर किती अंशांतून वळले ते बाकीच्यांनी सांगावे. संपूर्ण फेरी मारून पहिल्या दिशेला तोंड झाले म्हणजे एकूण वळण 360°, हे पायांनी समजलेले सत्य मग कोणत्याही बहिर्वक्र बहुभुजाला लागू करता येते.

शाळेतल्या तासाची तयारी

आता कुठे सराव पाठाकडे वळावे. छात्राध्यापकाच्या पाठ टाचणात ‘जिओजेब्राच्या साहाय्याने प्रमेय दाखवणे’ असे वाक्य असेल तर ते परत द्यावे. टाचणात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणता बिंदू ओढायचा, ओढण्याआधी मुलांना कोणता प्रश्न विचारायचा, त्यावर कोणती चुकीची उत्तरे येऊ शकतात, आणि पडदा बंद करून फळ्याकडे केव्हा वळायचे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. छात्राध्यापकाने स्वतः पहिल्या तासाला दिलेली उत्तरे येथे कामी येतात: ‘मला असे वाटले होते, म्हणजे सातवीतल्या मुलालाही असेच वाटू शकते.’

माउस मुलाच्या हातात द्यावा, ही सूचना लिहूनच द्यावी लागते, कारण नवा शिक्षक सफाईने आकृती फिरवून दाखवण्यात रमतो. वर्गात एकच संगणक असला तरी एका मुलाने ओढावे आणि उरलेल्यांनी त्याला सूचना द्याव्यात. ‘तो बिंदू तिकडे ने’ असे चालणार नाही, ‘क ला वर्तुळावरून ब च्या दिशेने ने’ असे म्हणावे लागेल. तयार आकृती एकदम उघडण्याऐवजी रचनेच्या पायऱ्या एकेक करून दाखवणारी सोय वापरावी, आणि उत्तर देणारे भाग चौकटीवर टिचकी मारल्यावरच दिसतील असे लपवून ठेवावेत.

दहावीच्या मंडळ परीक्षेत भौमितिक रचना कंपास, पट्टी आणि पेन्सिलनेच कराव्या लागतात, ही गोष्ट मुख्याध्यापक आणि पालक दोघेही छात्राध्यापकाला ऐकवतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून पडद्यावरची प्रत्येक रचना त्याच तासात वहीत हातानेही झाली पाहिजे. वर्तुळाला बाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढण्याची रचना पडद्यावर तयार स्पर्शिकेच्या साधनाने एका टिचकीत होते. पण केंद्र म आणि बाहेरील बिंदू प यांना जोडणाऱ्या रेख मप चा मध्यबिंदू घेऊन दुसरे वर्तुळ का काढायचे आणि त्यामुळे अर्धवर्तुळातील काटकोन कसा मिळतो, हे ज्याने एकेका पायरीने केले आहे त्यालाच कंपास हातात घेतल्यावर पुढची पायरी आठवते. तयार साधन वापरण्याची परवानगी ती रचना हाताने आणि मूळ साधनांनी करून झाल्यानंतरच द्यावी, असा दंडक ठेवावा.

मूल्यमापन

छात्राध्यापकाची फाइल त्याच्यासमोर उघडावी आणि काही न बोलता एक मुक्त बिंदू जोरात ओढावा. आकृती टिकली तर विचारावे की ती का टिकली; फुटली तर विचारावे की कोणती अट द्यायची राहिली. दोन्ही प्रश्नांना गुण सारखेच ठेवावेत, कारण फुटलेल्या आकृतीचे अचूक निदान करणारा छात्राध्यापक वर्गातल्या मुलाच्या चुकीचेही निदान करू शकेल. त्याखेरीज प्रत्येकाने वर्षभराच्या भाकितांची वही जमा करावी. चुकलेली भाकिते आणि त्यांखाली लिहिलेली कारणे यांवरून त्याची समज जितकी कळते, तितकी सजवलेल्या सादरीकरणावरून कळत नाही.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात तोच कोपऱ्यावर उभा असलेला चौरस पुन्हा फळ्यावर काढावा, पहिल्या दिवसाचे कागद परत द्यावेत, आणि प्रत्येकाला स्वतःच्या जुन्या उत्तराशेजारी नवे उत्तर लिहायला सांगावे.